आत्याबाईंची डबी आणि बीडचं इंटरनेट

आमच्या घराला इंटरनेटची पहिली गरज पडली ती एका म्हशीच्या पोटामुळे.

मीरा, मागे तू विचारलं होतंस, "आजी, पूर्वी एखादी गोष्ट अडली की तुम्ही शोधायचात कुठे?" मी म्हटलं, "शोधायचो नाही, विचारायचो." ईशानला ते उत्तर फार आवडलं आणि त्याने ते शाळेच्या निबंधात घातलं, असं तुमच्या आईने कळवलं. तेव्हापासून माझं मन मला खातं आहे. उत्तर ऐकायला छान आहे, पण माझ्यापुरतं खोटं आहे. मी विचारणारी बाई नव्हते. एका म्हाताऱ्या बाईला वैशाखात दिवसभर पाण्याविना बसावं लागलं ते मी कुणाला विचारलं नाही म्हणूनच. तर आता सगळं क्रमाने लिहिते. (फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुमचे बाबा मध्येमध्ये दुरुस्त्या करतात.)

तेव्हा तुमचे बाबा पुण्यात नवीन नोकरीला लागले होते आणि आम्ही सिरसाळ्यात होतो. पुढे आजोबांचं धान्याचं दुकान, मागे घर, त्यामागे अंगण, आणि अंगणात चंद्री नावाची म्हैस. मी औरंगाबादची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. लग्न होऊन आले तेव्हा या घरात मीठ कधी फडताळात, कधी खिडकीत, तर कधी आजोबांच्या गादीखाली सापडायचं. मी आल्यावर सहा महिन्यांत प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागली, प्रत्येक वस्तूला जागा मिळाली. पानं उचलल्यावर ताट दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जमिनीवर दिसलं तर मला चैन पडत नसे. गावात मला मान होता, आणि तो बराचसा याच गोष्टीचा होता. बायका घर बघायला यायच्या. मी त्यांना दाखवायचीही. (हे शेवटचं वाक्य लिहिताना थोडं जड गेलं, पण क्रमाने लिहायचं ठरलं आहे.)

घरात मी काही सुधारणाही केल्या होत्या. त्यातली एक निर्माल्याची. पूर्वी पूजेची फुलं आणि बेलाची पानं मागच्या आडात टाकत. मी म्हटलं, पाणी खराब होतं, त्यापेक्षा चंद्रीला घाला, तिला आवडतं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजीला, आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांना ही सुधारणा पटली नव्हती. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "तू शिकलेली हायस."

आता आत्याबाईंविषयी. आपल्या घरी गळ्यात इष्टलिंग बांधतात हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ते फक्त आजोबांच्या गळ्यात बघितलं आहे, आणि अंघोळीच्या वेळी आजोबा ते कुठे ठेवतात यावरून आमचे वादही ऐकले आहेत. आत्याबाईंचं तसं नव्हतं. आठ वर्षांच्या असताना त्यांच्या गुरूंनी ते त्यांच्या गळ्यात बांधलं होतं, आणि तेव्हापासून लिंबाएवढी ती चांदीची डबी त्यांच्यापासून दूर झाली नव्हती. रोज सकाळी डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म, पाणी, बेल, फूल वाहायचं, मग पुन्हा डबीत, डबी गळ्यात, आणि त्यानंतर पहिला चहा. लिंग गळ्यात नसेल तर अन्नपाणी नाही, हा त्यांचा नेम. बाळंतपणात मोडला नाही, विषमज्वरात मोडला नाही.

त्या दिवशी पूजा झाली आणि डबीचा दोरा तुटायला आल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी डबी पूजेच्या ताटात, बेलाच्या पानांवर ठेवली आणि नवा दोरा काढायला ट्रंकेकडे गेल्या. एक मिनिटाचं काम. पण आदल्याच रविवारी मी ती ट्रंक लावली होती. दोरे पूर्वी वरच ठेवलेले असायचे. मी ते योग्य जागी, म्हणजे सुया, कात्र्या आणि बटणांसोबत, सर्वांत खाली घातले होते. आत्याबाईंना दोरा सापडायला अर्धा तास लागला.

त्या अर्ध्या तासाच्या पहिल्या दोन मिनिटांत मला जमिनीवर एक ताट दिसलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ताट उचललं, अंगणात गेले, चंद्रीच्या टोपल्यात पालथं केलं, ताट घासलं, पुसलं, जागेवर ठेवलं. आत्याबाई दोरा घेऊन आल्या तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होते.

"सूनबाई, हितं ताट होतं."

"जागेवर ठेवलं."

"आन् त्यातलं?"

"चंद्रीला घातलं."

त्यांनी गळ्यावर हात ठेवला. तो हात बघितला आणि मला कळलं.

मी धावत अंगणात गेले. टोपलं चाटूनपुसून साफ. टोपल्याखाली, खुंट्याभोवती, भिंतीच्या कडेला, सगळीकडे टॉर्च लावून बघितलं. (सकाळचे साडेआठ वाजले होते आणि ऊन होतं. तरी टॉर्च लावली.) जमीनही स्वच्छ होती. चंद्री माझ्याकडे बघत रवंथ करत होती. आत जाऊन मी जाहीर केलं, "म्हशीनं गिळलं."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. त्या दिवशी माझ्यापाशी एवढी एकच माहिती होती, आणि ती चुकीची होती.

आत्याबाई देवघरापुढे भिंतीला टेकून बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी सकाळी पाण्याबरोबर घ्यायची, बाहेर वैशाख. मी गोळी आणि तांब्या घेऊन गेले.

"गोळी तरी घ्या."

"गोळी पाण्यासंगं जाती ना? मग ती पाणीच झाली."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरनं बांधलंय का माझ्या गळ्यात?"

आजोबा दुकानातून आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाले, "स्वामींना बोलावतो. आन् जनावराच्या डॉक्टरला. चार लोक बघतील, काहीतरी निघंल."

"कुणालाही बोलवायचं नाही," मी म्हटलं.

"कावून?"

कावून ते सांगते. जनावरांच्या डॉक्टरांची बायको माझ्या शाळेत भूगोल शिकवायची आणि स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसायची. स्वामी, म्हणजे आमच्या समाजाचे पुरोहित, आमच्यानंतर आणखी आठ घरी जायचे. आणि त्या आठही घरांच्या बायकांना मी वस्तू जागेवर ठेवण्याविषयी सांगून चुकले होते. मास्तरीणबाईंनी सासूचं लिंग म्हशीला खायला घातलं, हे वाक्य मला गावाच्या तोंडी ऐकू येऊ लागलं. पुढच्या पिढ्या ते रंगवून सांगतील असं वाटलं. (सांगतात. मागच्या वर्षी गावी गेले तेव्हा एका लग्नात मला ते ऐकवण्यात आलं, मीच ती बाई हे माहीत नसलेल्या माणसाकडून.)

"मी शोधून आणते उत्तर," मी म्हटलं. "बीडला जाऊन."

"डबी हितं म्हशीच्या पोटात, आन् तू बीडला कुठं हुडकणार?" आजोबांनी विचारलं.

दिवाळीत तुमचे बाबा आले होते तेव्हा म्हणाले होते की आता बीडलाही इंटरनेट आलंय, आणि त्यावर जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मिळतं. शिवाय सगळं इंग्रजीत. त्यांनी आणखी एक सांगितलं होतं आणि तेच माझ्या मनात बसलं होतं. प्रश्न कोणी विचारला ते कुणाला कळत नाही. असं काही जगात असेल तर ते माझ्यासाठीच निघालं आहे, असं मला वाटलं. सव्वानऊची एसटी धरली. निघताना आत्याबाईंना म्हटलं, "चारपर्यंत येते." त्या म्हणाल्या, "ये. मी कुठं जाती."

बीडला बसस्थानकामागे एका बोळात ते दुकान होतं. आत प्लायवूडच्या पाच खोपट्या, प्रत्येकीला फुलाफुलांचा पडदा, आणि विमान उडाल्यासारखा आवाज करणारा कूलर. टेबलामागचा माणूस मला बघून उभा राहिला.

"बाई, तुमी?"

तो रफीक निघाला. आमच्याच शाळेचा विद्यार्थी, आता दोन मुलांचा बाप. टायपिंगचा क्लास चालवता चालवता त्याने हे सुरू केलं होतं.

"वळखलं का बाई? तुमीच नापास केलतं मला. नववीला. दोनदा."

"इंग्रजीत," मी म्हटलं.

"आता सगळं इंग्रजीतच करतो बगा," तो म्हणाला, आणि त्यात जराही टोमणा नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. "काय बघायचंय?"

"सामान्य ज्ञान."

त्याने मला तिसऱ्या खोपटीत बसवलं, शोधाची चौकट दाखवली आणि गेला. मी पदर सारखा केला आणि लिहायला घेतलं. मुलांनो, मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी लिहिलं की, महोदय, सविनय विनंती अशी की आमच्या मालकीच्या म्हशीने आज सकाळी अनवधानाने एक वस्तू गिळली असून, आणि असं बरंच. खाली आपली विश्वासू. यंत्राने बराच वेळ विचार केला आणि मला अर्जांचे नमुने दाखवले.

रफीकने पडद्यातून डोकं घातलं. "बाई, अर्ज न्हाई करायचा इथं. तीनचार शब्द टाकायचे फक्त. काय पायजे ते."

मी इंग्रजीत म्हैस आणि गिळणे एवढंच लिहिलं. एक चित्र वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायला लागलं. आधी शिंगं आली. मग कपाळ. मग दाढी. पाच मिनिटांनी अमेरिकेतला एक रानरेडा माझ्याकडे बघत होता आणि त्याने आमची डबी गिळलेली नव्हती.

"काय गिळलंय, ते टाका की बाई," रफीक म्हणाला. कूलरमुळे त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"एक डबी."

"कशाची?"

"चांदीची."

"केवढी?"

"लिंबाएवढी."

"रिकामी?"

मी पडद्यावरची फुलं बघायला लागले. त्याचा चेहरा बदलला. सिरसाळ्यात वाढलेला माणूस. "बाई," तो म्हणाला, "आत्याबाईंची?"

मी मान हलवली.

"म्हंजी सकाळपास्नं पाणी न्हाई घेतलं त्यांनी?"

हे त्याने ओरडून विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पण कूलर होता. शोधण्याबद्दल मला तिथे एक गोष्ट समजली. उत्तर हवं असेल तर शेवटी सगळं सांगावंच लागतं, माणसाला काय आणि यंत्राला काय. माणूस निदान मान खाली घालतो.

रफीकने मग स्वतःच बसून शोधलं. नववीत दोनदा नापास झालेल्या मुलाने मला दहा मिनिटांत पान काढून दिलं. दूर देशीच्या गोठ्यांची माहिती होती. तिथल्या जनावरांच्या पोटात खिळे, तारा जातात, म्हणून तिथले शेतकरी त्यांना एक लोहचुंबक गिळवतात. मग पोटातला सगळा धातू त्या चुंबकाभोवती एका जागी गोळा होऊन राहतो.

एका जागी. हे शब्द वाचून माझं मन एकदम शांत झालं. पुढे काय करायचं, तो गोळा बाहेर कसा काढायचा, यावर त्या पानात अवाक्षर नव्हतं. पण वस्तू एका जागी येणार म्हटल्यावर मला बाकी सगळं किरकोळ वाटलं. मी पान छापून घेतलं, रफीकने पलीकडच्या लाउडस्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडून एका जुन्या कर्ण्यातलं बशीएवढं चुंबक मागून आणलं, आणि मी ते कापडी पिशवीत घालून परतीची एसटी धरली. एवढं मोठं चुंबक म्हैस गिळणार कशी, हा प्रश्न मला वडवणी जाईपर्यंत पडला नाही.

वडवणीला दुसराच प्रश्न पडला. पिशवी पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्याला चिकटली. मी ओढून काढली तर खालच्या पत्र्याला चिकटली. कंडक्टर तिकिटं तपासत आला आणि वाकला, तशी त्याची तिकिटाला भोकं पाडायची पकड टक्कन पिशवीला येऊन बसली.

"बाई, सोडा की ती पकड."

"मी धरलेली नाही."

"मग कोण धरलंय?"

"चुंबक आहे."

"कशाला लागतंय तुमाला चुंबक?"

"शाळेसाठी," मी म्हटलं. खोटं सांगितलं.

शेजारी एक म्हातारी बसली होती. तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत चांदीच्या पाटल्या होत्या. पकड सोडवायला ती मदत करू लागली. पिशवीला हात लावून, दाबून, पाटल्या खणखणवत. कंडक्टरची पकड चिकटली होती, दांडा चिकटला होता, माझ्या पर्सची कडी चिकटली होती. पाटल्या चिकटत नव्हत्या.

मी त्या पाटल्यांकडे बघत राहिले. पाचवीला विज्ञान शिकवायला कुणी नव्हतं म्हणून दोन वर्षं तो विषय माझ्याकडे होता. चुंबकाला कोणते धातू चिकटतात ते मी मुलांकडून तालावर घोकून घेतलं होतं. लोखंड, निकेल, कोबाल्ट. चांदी त्यात नव्हती. कधीच नव्हती. आणि डबीतलं लिंग तर दगडाचं. रफीकला हे सुचलं नाही याचं नवल नाही, पाचवीला त्याचं विज्ञान माझ्याकडेच होतं. पण मला? मी शिकलेली होते. छापील इंग्रजी पान हातात आल्यावर मी विचार करायचाच थांबले होते.

"काय झालं गं बाय?" म्हातारीने विचारलं. "रडू नगस. निघंल त्याची पकड."

साडेचारला घराशी पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग होता. दारात एवढ्या चपला कशासाठी जमतात ते मला माहीत होतं. आत धावले, तर आत्याबाई भिंतीला टेकून तशाच बसलेल्या, ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. आणि भोवती निम्मी गल्ली.

त्यात मन्मथ आप्पा होते. आमच्याच गल्लीतले कापडाचे व्यापारी, आपल्याच समाजातले. त्यांनी मला बघून पान थुंकायला मान खिडकीबाहेर काढली आणि परत आत घेतली.

"वैनी, रागावू नका. मी बीडात दुसऱ्या खोपटीत बसलो होतो. जावयाचं पत्र येणार होतं मस्कतहून."

"मग?"

"मग काय? पलीकडून ऐकू आलं की आत्याबाई पाण्यावाचून बसल्यात. मनातल्या मनात जावयाला म्हणलं, तू ऱ्हा बाबा. काळीपिवळी जीप धरली आन् आलो. तुमच्या आधी दोन तास झालं मला येऊन."

सत्तर किलोमीटर जाऊन मी जी गोष्ट लपवली ती माझ्या आधी दोन तास गावात पोचली होती. मी चुंबकाची पिशवी दाराच्या कडीला चिकटू दिली आणि खाली बसले. आता हसतील, असं वाटलं. कुणी हसलं नाही. (हसले पुढच्या आठवड्यापासून. पण त्या दिवशी नाही.) स्वामी आले होते. जनावरांचे डॉक्टर चंद्रीचं पोट चाचपून गेले होते आणि त्यांची बायको, माझी भूगोलवाली, आत्याबाईंना पंख्याने वारा घालत होती.

एवढ्यात मागच्या दारातून गोदाबाई आली. ही धनगराची बाई, ओढ्यापलीकडे राहायची. रोज सकाळी आमच्यासकट सहा घरचं शेण नेऊन गोवऱ्या थापायची. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले होते, आणि उजव्या मुठीत काहीतरी होतं. ते तिने आत्याबाईंपुढे तांब्यातल्या पाण्याने धुतलं.

डबी होती.

"गोवऱ्यांच्या शेवटच्या वळीत घावली," ती दम खात म्हणाली. "आप्पानं सांगितलं तवाच म्या म्हणलं, म्हस न्हाई गिळायची. पाला खाताना कडक लागलं की ती नाकाडानं भाईर सारती. मग तुडवती. सकाळी मी तुमचं शेण घिऊन गेलते, त्यातच गेलं आसंल. पर सहा घरचं शेण एक झालतं. तुमचं कंचं ते कसं कळावं? समद्या फोडल्या मग."

"सगळ्या?" मी विचारलं.

"समद्या. शंभरेक आसतील. उद्या थापीन की परत."

मग ती माझ्याकडे वळली. "पर बाई, एक इचारू? म्हशीनं गिळताना बघितलं कुणी?"

सकाळपासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, कारण मी कुणाला विचारू दिला नव्हता. इंटरनेटने तर विचारलाच नाही. म्हशीने गिळलं असं मी सांगितलं, त्याने ते खरं धरलं आणि पुढचं उत्तर दिलं.

स्वामी जरा घुटमळले. डबी शेणातून आलेली, शुद्धीचं काय करायचं ते सांगायला त्यांनी घसा साफ केला. आत्याबाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"कपाळाला काय लावतो आपण रोज, स्वामी? ईभूती कशाची आसती? शेणाचीच की."

(गाईच्या शेणाची असते, म्हशीच्या नाही. त्या वेळी हा मुद्दा मी काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक चूक दुरुस्त न करता सोडली.)

स्वामींनी मंत्र म्हटला, आत्याबाईंनी लिंग तळहातावर घेतलं. भूगोलवालीने हाताला खालून आधार दिला. पूजा झाली, नव्या दोऱ्यात डबी गळ्यात गेली, आणि आत्याबाई तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायल्या. अर्धा तांब्या संपल्यावर थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि तांब्या पुढे केला.

"पी. तू बी सकाळपास्नं घेतलं न्हाईस."

मी खरंच घेतलं नव्हतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. "काय कागद आणलाय तो वाच."

मी ते छापील पान मराठी करून वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हंजी तिकडल्या बायांची जनावरं बी गिळत्यात म्हण."

"हो."

"आन् मग त्या बाया ह्या मशीनीला इचारत्यात?"

"हो."

"शेजारीण न्हाई का त्यांना?"

"असेल," मी म्हटलं. "पण तिला विचारायची लाज वाटत असेल."

आत्याबाई गळ्यातली डबी चाचपत म्हणाल्या, "वाटती खरी. मला बी वाटली. चार मानसं बोलवा म्हणून सकाळीच सांगणार हुते. पर म्हणलं, सूनबाईचं नाव जाईल गावात. म्हणून बसले गप."

म्हणजे बघा. मी माझं नाव सांभाळायला बीडला गेले होते आणि तेच नाव सांभाळायला त्या घरी पाण्यावाचून बसल्या होत्या. एवढं सांभाळण्यासारखं त्या नावात काय होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

तर मीरा, तुझ्या प्रश्नाचं दुरुस्त केलेलं उत्तर असं. ज्याची लाज वाटत नाही ते आम्ही लोकांना विचारत असू. ज्याची लाज वाटते ते शोधत असू. यंत्र नव्हतं तेव्हाही असंच होतं, फक्त शोधायला जागा कमी होत्या, त्यामुळे लवकर हरून शेजारी जावं लागायचं. तुम्हाला हरायला वेळ लागतो, एवढाच फरक. आणि आप्पांमुळे हेही कबूल करायला हवं की डबी इंटरनेटमुळेच सापडली. फक्त यंत्राच्या आतून नाही, शेजारच्या खोपटीतून.

मी यातून काही शिकले असं तुम्हाला वाटेल. मागच्या आठवड्यात दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कपाटातून तुम्ही दिलेलं ते सपाट यंत्र काढलं आणि त्यावर इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, विरामचिन्हांसह लिहिलं की, दूर राहणाऱ्या नातवंडांनी आपणहून बोलावं म्हणून आजीने काय करावं. तुम्हालाच सरळ विचारता आलं असतं. पण लाज वाटली.

उत्तरं क्षणात आली. पहिलंच होतं, त्यांना अगदी थोडक्यात लिहीत जा.

हे पत्राचं अकरावं पान आहे.